भरल्या गाडीला टॉप गियरचा हट्ट नको

वाचकाचं पत्र :

"सप्रेम नमस्कार. मी विट्याचा. माझ्या दोन दहाचाकी गाड्या आहेत, एक २०१४ ची आणि दुसरी बीएस-६. चिपळूणकडून जांभा चिरा भरायचा, कुंभार्ली घाट चढून कराड, विटा, कधी जतपर्यंत पोचवायचा, हा आमचा धंदा. दोन वर्षांपूर्वी मी नियम केला. ठरलेल्या ॲव्हरेजच्या वर गाडीने दिलं तर ड्रायव्हरला बक्षीस, खाली आलं तर तेवढं डिझेल त्याच्या पगारातून. गियर होईल तेवढा वरचा ठेवायचा, इंजिन ओरडू द्यायचं नाही, हेही बजावून ठेवलं. ॲव्हरेज सुधारलं. पण गेल्या महिन्यात जुन्या गाडीचं इंजिन पाटणजवळ ठोकायला लागलं. मेस्त्री म्हणतात बिगेंड बेअरिंग गेलं, क्रँकलाही मार आहे. ऑइल वेळेवर बदललेलं होतं, पाणी कमी नव्हतं, टेंपरेचरचा काटा कधी वर गेला नाही. मेस्त्रींचं म्हणणं, गाडी दाबून चालवली. ड्रायव्हर म्हणतो, 'मी कधी रेस केलीच नाही, मालकांनी सांगितलं तशीच चालवली.' घरातले म्हणतात, खर्च त्याच्याकडून कापून घ्या. इतकं सावकाश चालवलेलं इंजिन असं कसं बसेल? चूक कुणाची धरायची?"

सप्रेम नमस्कार.

तुमचा ड्रायव्हर खरं सांगतोय आणि मेस्त्रीही खरं सांगतायत. दोघं एकाच गोष्टीबद्दल बोलतायत. वरच्या गियरमध्ये, कमी आरपीएमला (म्हणजे इंजिनाचे मिनिटाचे फेरे कमी असताना), भरलेली गाडी चढावर ॲक्सिलेटर पार खाली दाबून ओढत नेली की इंजिनाचा आवाज वाढत नाही. उलट तो जड होतो, गाडी घुमल्यासारखी घरघरते, केबिनचा पत्रा थरथरतो. ऐकणाऱ्याला वाटतं, इंजिन आरामात चाललंय. खरं तर त्याच्यावर सगळ्यात जास्त ताण त्याच वेळी असतो. त्यामुळे पैसे कापायचा विषय आधी बाजूला ठेवा. त्याने तुमचा नियम पाळला, आणि नियमच इंजिनाच्या जिवावर उठणारा होता.

हे कसं होतं ते नीट सांगतो, कारण ते पटल्याशिवाय तुम्ही नियम बदलणार नाही.

तुमच्या गाडीचं इंजिन सहा सिलिंडरचं, चार स्ट्रोकचं. क्रँकच्या, म्हणजे पिस्टन ज्याला फिरवतात त्या मुख्य दांड्याच्या, एका फेऱ्यात तीन सिलिंडर पेटतात. म्हणजे २००० आरपीएमला मिनिटाला ६००० वेळा पिस्टनवर दाब येतो, १००० आरपीएमला ३००० वेळा. घाटात गाडी ठरावीक वेगाने वर न्यायला जी ताकद लागते, ती गियर कुठलाही टाकला तरी तेवढीच लागते. मग निम्म्या धक्क्यांत तेवढंच काम करायचं तर प्रत्येक धक्का दुप्पट जोराचा हवा. सांगलीच्या मार्केट यार्डात हमालाला एका खेपेला एक पोतं दिलं तर तो दिवसभर वाहील. तेवढ्याच पोत्यांसाठी खेपा निम्म्या कर आणि पाठीवर दोन-दोन घे म्हटलं, तर खेपा कमी झाल्या म्हणून त्याची पाठ वाचत नाही.

हा दुप्पट धक्का पिस्टनवरून कनेक्टिंग रॉडमध्ये, तिथून रॉड क्रँकला जिथे जोडतो तिथल्या बिगेंड बेअरिंगवर आणि क्रँकवर येतो. बेअरिंग आणि क्रँक यांचा धातू एकमेकांना लागत नाही, मधे ऑइलचा पातळ थर असतो. हा थर नुसत्या पंपाच्या दाबाने तयार होत नाही. क्रँक फिरताना ऑइलला आपल्याबरोबर ओढून फटीत कोंबते, त्याने थर उभा राहतो. फिरण्याचा वेग कमी झाला की थर पातळ होतो. ऑइल पंपही क्रँकवरच चालतो, तोही निम्मंच ऑइल ढकलतो. म्हणजे धक्का जेव्हा सगळ्यात मोठा, तेव्हाच मधली गादी सगळ्यात पातळ. ऑइल नवं होतं, लेव्हल बरोबर होती, तरी बेअरिंग जाऊ शकतं ते यामुळे.

टेंपरेचरच्या काट्याचंही तसंच आहे. काटा पाण्याचं तापमान सांगतो, तेही एका जागचं. पिस्टनचा माथा किती तापलाय हे त्याला कळत नाही. वॉटर पंप इंजिनाच्याच वेगाने चालतो, पट्ट्यावरचा फॅनही. पिस्टनला खालून गार ठेवायला ऑइलची पिचकारी असते, तिचाही जोर कमी होतो. वर टर्बो, म्हणजे इंजिनात जास्त हवा कोंबणारा पंखा. त्याला फिरवायला सायलेन्सरकडे जाणारा गरम वायू लागतो, आणि कमी आरपीएमला तो वायू पुरेसा नसतो. टर्बो हवा कमी देतो, पेडल मात्र डिझेल पूर्ण मागतं. हवा कमी, डिझेल जास्त, म्हणून गाडीमागे काळा धूर. ती काजळी नुसती बाहेर जात नाही. काही रिंगांमागे बसते, काही ऑइलमध्ये उतरून ते घट्ट करते. पुढे रिंगा चिकटतात, ब्रिदरमधून (इंजिनातली वाफ बाहेर सोडणाऱ्या नळीतून) धूर येतो, गाडी ऑइल खायला लागते. हेड गॅस्केट आणि पिस्टनच्या माथ्याला जाणाऱ्या तड्यांमागेही हाच दाब आणि हीच उष्णता असते. बेअरिंग हा तुमच्याकडे पहिला बळी ठरला, एवढंच.

आता पत्रावरून मी अंदाज केला, पण खात्री तुम्हाला स्वतःच्या डोळ्यांनी करता येईल. मेस्त्रींना सांगा, काढलेली बेअरिंगं फेकू नका, जोडीने मांडून ठेवा. बिगेंड बेअरिंग म्हणजे दोन अर्धगोल पट्ट्या, एक रॉडच्या अंगाला वर, एक कॅपमध्ये खाली. पेटलेल्या सिलिंडरचा दाब वरच्या पट्टीवर येतो. क्रँकला इंजिनात धरून ठेवणाऱ्या मेन बेअरिंगमध्ये उलट, तिथे मार खालच्या, कॅपच्या पट्टीवर. नव्या पट्टीचा पृष्ठभाग करडा असतो. तो झिजला की खालून तांब्याचा रंग उघडा पडतो. सहा रॉडांपैकी बहुतेकांच्या वरच्या पट्ट्या मधोमध तांबूस झाल्यात आणि खालच्या अजून करड्या आहेत, असं दिसलं तर दाबून चालवल्याचाच तो पुरावा. पट्टीवर गोल फिरलेले बारीक ओरखडे दिसले, काळे कण रुतलेले दिसले, तर घाण ऑइल किंवा फिल्टरचा दोष. वरची-खालची दोन्ही सारखीच फासटलेली, जळकी दिसली तर ऑइल पोचलंच नाही, मग पंप आणि सक्शनची जाळी बघायची. दहा मिनिटं त्या पट्ट्यांसमोर उभे राहा. कुणाच्या बोलण्यापेक्षा त्या जास्त सांगतील.

कुंभार्लीचाच हिशेब करू. दहाचाकीचं पासिंग, म्हणजे परवानगी असलेलं जास्तीत जास्त वजन, गाडीसकट २८.५ टनांचं. शंभर मीटरला सहा मीटर चढ धरला आणि गाडी ताशी २० किलोमीटरने न्यायची म्हटली, तर टायरचा रोध धरून साधारण १४० एचपी लागतात. तुमच्या इंजिनावर समजा १८० लिहिले आहेत. पण ते वरच्या आरपीएमचे. १००० आरपीएमला तेच इंजिन त्याच्या निम्मेही देऊ शकत नाही. म्हणजे त्या गियरमध्ये गाडी तो चढ चढूच शकत नाही. ड्रायव्हर पेडल खाली दाबून धरतो, गाडी हळूहळू मरत जाते, आणि अगदीच बंद पडायला आली की तो नाइलाजाने गियर उतरवतो. तोवरचा सगळा वेळ इंजिनाने मार खाल्लेला असतो. पोफळीपासून वर हेळवाकपर्यंत अशी किती वळणं लागतात, ते तुम्हाला मी सांगायला नको.

म्हणून ड्रायव्हरला सांगायची गोष्ट एकच : पेडल दाबल्यावर दोन-तीन सेकंदांत आरपीएम वाढायला हवा. पेडल खाली आहे आणि काटा जागचा हलत नाही किंवा खाली येतोय, तर गियर चुकीचा आहे, लगेच खालचा टाक. गाडी मरायची वाट बघू नकोस. चढ समोर दिसला, हेअरपिन वळण दिसलं, की आधीच गियर उतरव, वळणाच्या मधोमध नको. तिथे घाईत क्लच अर्धा दाबून गाडी सांभाळावी लागते आणि क्लच प्लेट जळते ती वेगळीच. वरचा गियर टाकायचा तर त्यात गेल्यावरही इंजिन आरपीएमच्या काट्यावरच्या हिरव्या पट्ट्यात राहील असं असेल तरच टाकायचा. सहा गियरच्या गाडीत वरच्या गियरांना आरपीएम साधारण एक तृतीयांशाने पडतो. १५०० ला गियर टाकला की इंजिन १००० वर येतं. सपाटीला, रिकाम्या गाडीत ते चालतं. चिऱ्याने भरलेल्या गाडीत घाटात चालत नाही.

इथे एक गैरसमज होऊ देऊ नका. कमी आरपीएम म्हणजेच वाईट, असं मी म्हणत नाही. कराडपासून विट्याकडे सपाटीला, पेडलवर हलका पाय ठेवून १२००-१३०० ला वरच्या गियरमध्ये गाडी जात असेल तर ते उत्तमच, डिझेल तिथेच वाचतं. वाईट आहे ते कमी आरपीएम आणि पूर्ण दाबलेलं पेडल, ही जोडी. आणि इंजिन ओरडतं याची भीती सोडा. चढावर १८००-२००० आरपीएमला आवाज मोठा येतो, पण इंजिन मोकळं असतं. ऑइल, पाणी, हवा सगळं भरपूर पोचत असतं. चढावर ते मर्यादेपलीकडे जायला लागलंच तर इंजिनाचा वेग आवरणारा गव्हर्नर डिझेल कापतो. आरपीएम लाल पट्ट्यात जायची खरी भीती उतारावर, खालच्या गियरमध्ये गाडी इंजिनाला ढकलते तेव्हा.

उताराचा विषय निघालाच आहे तर विचारतो. ॲव्हरेजच्या बक्षिसासाठी तुमचे ड्रायव्हर चिपळूणकडे उतरताना गाडी न्यूट्रल करतात का? करत असतील तर आजच बंद करा. हा तुमच्या नियमाचा दुसरा आणि जास्त भयंकर परिणाम. न्यूट्रलमध्ये गाडी फक्त ब्रेकवर येते, लायनर तापतात आणि ऐन वळणावर ब्रेक धरत नाही. शिवाय त्यात डिझेल वाचतच नाही. गियरमध्ये, पेडलवरून पाय काढून गाडी उतरते तेव्हा चाकंच इंजिनाला फिरवतात आणि पंप डिझेल देणं थांबवतो. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन चालू ठेवायला डिझेल जाळावंच लागतं. ज्यासाठी जीव धोक्यात घालायचा, ती बचतच नाही.

मालाबद्दलही थोडं. चिरा तुम्ही नगावर भरता, वजनावर नाही. जांभा सच्छिद्र दगड, पाणी पितो. पावसाळ्यात खाणीतून भिजलेला चिरा उचलला तर तेवढेच नग उन्हाळ्यापेक्षा जास्त वजनाचे होतात आणि पासिंग केव्हा ओलांडलं हे कळतही नाही. पावसाच्या महिन्यांत नग कमी भरा आणि अधूनमधून काट्यावर गाडी चढवून बघा. आणि घाट चढून वर चहाला थांबलं की इंजिन लगेच बंद करायचं नाही. दोन-तीन मिनिटं आयडलला चालू ठेवायचं, म्हणजे तापलेल्या टर्बोला ऑइल मिळत राहतं.

तुमची दुसरी गाडी बीएस-६, म्हणजे धुराच्या नव्या नियमांची आहे. तिच्या बाबतीत फसायला जास्त सोपं आहे. संगणक हवेच्या मानाने डिझेल मोजून देतो, त्यामुळे दाबून चालवलं तरी काळा धूर फारसा दिसत नाही, आणि जो होतो तो सायलेन्सरकडच्या धुराच्या फिल्टरमध्ये अडकतो. ती काजळी साचत राहिली की फिल्टर जाळून साफ करायचा दिवा वारंवार लागतो, थोडा धूर परत इंजिनात सोडणारा ईजीआर काळवंडतो. नव्या इंजिनांना टॉर्क, म्हणजे फिरवायचा जोर, खालच्या आरपीएमपासून मिळतो, म्हणून त्यांचा हिरवा पट्टाही जुन्या गाडीपेक्षा खाली असू शकतो. जुन्या गाडीचा आकडा नव्या गाडीला आणि नव्याचा जुन्याला लावू नका. दोन्ही गाड्यांची पुस्तकं काढा, जास्तीत जास्त टॉर्क कुठल्या आरपीएमला आहे तो आकडा कागदावर लिहून डॅशबोर्डवर चिकटवा. भरलेल्या गाडीने चढावर त्याच्या खाली जायचं नाही. जुन्या गाडीचा आरपीएमचा काटा चालत नसेल तर आधी तो दुरुस्त करून घ्या. अशा कितीतरी गाड्यांत तो बंद असतो आणि कुणाला त्याची गरजही वाटत नाही.

बक्षिसाचा नियम काढून टाका असं मी म्हणणार नाही. ड्रायव्हरला त्याच्या हुशारीचे पैसे मिळायलाच हवेत. पण पगारातून डिझेल कापणं थांबवा. कापलं जाण्याच्या भीतीने माणूस गियर उतरवत नाही, आणि तुमचे लाखाचे इंजिन तो चार लिटर डिझेलसाठी पणाला लावतो. ॲव्हरेज मोजायचंच तर सरसकट नको. भरून घाट चढलेली खेप वेगळी, रिकामी उतरलेली वेगळी, सपाटीची वेगळी. घाटाच्या खेपेला आकडा लावूच नका. तिथे बक्षीस ठेवायचं तर क्लच प्लेट किती चालली, ब्रेक लायनर किती टिकले, यावर ठेवा. डिझेल खरं वाचवायचं असेल तर टायरची हवा, एअर फिल्टर, चिकटणारे ब्रेक, नोझल, आणि उभी गाडी तासभर चालू न ठेवणं, यात बघा. तिथे कुणाचं काही मोडत नाही.

आता उघडलेल्या इंजिनाबद्दल. नुसता बेअरिंग सेट बदलून गाडी जोडू नका. क्रँकचा प्रत्येक जर्नल, म्हणजे बेअरिंग बसतं तो गोल भाग, मायक्रोमीटरने मोजून घ्या. ओरखडे असतील तर घासून ०.२५ मिमीच्या अंडरसाइजचं बेअरिंग बसेल, पण त्याआधी क्रँकला तडा नाही ना हे तपासून घ्यायला सांगा. बेअरिंगचा चुरा ऑइलच्या वाटांत, ऑइल कूलरमध्ये अडकून बसतो. ते धुतलं नाही तर नवं बेअरिंग त्याच चुऱ्याने जाईल. ऑइल पंप उघडून बघा. गाडी घरघरत ओढली की त्या हिसक्यांचा मार मागेही जातो, म्हणून क्लच प्लेटच्या स्प्रिंगा आणि प्रोपेलर शाफ्टचे क्रॉस हलवून बघायला मेस्त्रींना सांगा. इंजिन जोडल्यावर सुरुवातीच्या खेपा हलक्या मालाच्या आणि शक्यतो घाटाशिवाय करा.

ड्रायव्हरला घेऊन बसा. त्याला पट्ट्या दाखवा, हे सगळं समजावून सांगा आणि नियम बदलल्याचं स्वतःच्या तोंडाने सांगा. घाटात गियर कधी उतरवायचा हे त्याला तुमच्या-माझ्यापेक्षा चांगलं कळतं. त्याला फक्त तशी मोकळीक हवी.

दुसऱ्या गाडीकडे मात्र याच आठवड्यात बघा. तीही त्याच रस्त्यावर, त्याच नियमाने दोन वर्षं चालली आहे. ऑइल बदलायला आलं नसलं तरी ऑइल फिल्टर काढा, पत्रा कापून आतला कागद उघडा आणि उन्हात धरून बघा. नुसता काळा असेल तर ठीक. कागदाच्या घड्यांत तांबूस-सोनेरी चमक दिसली, तर ती गाडी घाटात पाठवू नका, ऑइल पॅन उतरवून आधी बेअरिंगं तपासा.